बार्न्सलीत, तीनशे बॉड

शनिवारी दुपारी मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
आम्ही शर्यत लावली.
टेबलावर कॉमोडोर, शेजारी पावाच्या डब्याएवढा
तपकिरी ड्राइव्ह, कॅसेटचं यंत्र,
दोन मोडेम, आणि तिसरा तो सगळ्यात जुना,
दोन काळ्या कानांचा, ज्याच्या कुशीत
टेलिफोनचा रिसीव्हर पालथा निजवावा लागतो.

विल्फ ओल्डरॉइड, वय एक्याऐंशी,
अर्धं आयुष्य टेलिफोनच्या खांबांवर काढलेला माणूस.
"लावायची तर रीतसर लावू," म्हणाला,
आणि पिशवीतून कबुतरांच्या शर्यतीचं घड्याळ काढलं.
लाकडी पेटी. किल्ली फिरवली
की कागदाच्या पट्टीवर वेळ उमटते.

फाइल एकच, बारा हजार अक्षरांची,
त्यानंच कधीकाळी टाइप केलेली.
ड्राइव्हनं जात्यासारखं घरघरत
तीस सेकंदांत दळून टाकली.
कॅसेटनं चार मिनिटं घेतली; तेवढ्यात चहा उकळला असता,
पण इथे चहा उकळत नाहीत, मुरत ठेवतात.
चोवीसशेचा मोडेम: पन्नास सेकंद.
बाराशेचा: शंभर.

या बाराशेवाल्याला एक खोड होती, विल्फ म्हणाला.
ऐकायचं बाराशेनं,
बोलायचं पंचाहत्तरनं.
मला हसू आलं.
पहिल्या हिवाळ्यात मी तश्शीच होते इथे.
एक्स-रेच्या खोलीत, खाणीतून निवृत्त झालेली फुप्फुसं
उजेडासमोर लावायचे,
त्यांचे मालक भराभर काहीतरी सांगायचे, शेवटी "लव्ह" म्हणायचे,
आणि माझं उत्तर जुळून ओठांवर येईतो
त्यांची बस सुटलेली असायची.

शेवटी तीनशे.
भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात त्याची नात बेथनी
दुसरा फोन धरून बसली होती.
शिट्टी आली, दातांच्या फटीतून फुंकल्यासारखी,
आणि मग अक्षरं,
एकामागून एक, सेकंदाला तीस,
म्हणजे साधारण मी वाचते त्या चालीनं.

एकोणीसशे शहाऐंशीचा हंगाम.
कबुतराचं नाव, पायातल्या कड्याचा नंबर,
वेमथहून सोडलं किती वाजता, घरी आलं किती वाजता,
मिनिटाला किती यार्ड.
ड्राइव्हवरून हेच सगळं पडद्यावर आदळलं होतं
तेव्हा मला फक्त एक कोष्टक दिसलं होतं.
आता मिसेस बूथ आली, दुपारच्या आत.
कॉपर केटल आली.
मग ट्यूजडे. कड्याचा नंबर. वेमथ. सकाळी सात दहा.

आणि कर्सर पुढे चालत राहिला, काही न उमटवता.
ओळ संपली, पुढची सुरू झाली, तीही कोरी.
मी म्हटलं, लाइन तुटली वाटतं.
"नाही," विल्फ म्हणाला. "स्पेस आहेत त्या.
दर रविवारी संध्याकाळी एक ओळ भरायचो,
ती आली तर लिहायला जागा असावी म्हणून.
त्याही पाठवाव्या लागतात. वजन तेवढंच."

सतरा रविवार.
तेवीस सेकंद आम्ही तिघं,
तो, मी, आणि भिंतीपलीकडे काहीच न दिसणारी बेथनी,
एक पांढरा चौकोन
डावीकडून उजवीकडे जाताना थांबलो होतो.
बाहेर कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेला.

मग पुढचं कबुतर आलं. त्याचं नाव
मला आता आठवत नाही.

"पोचलं का सगळं?" बेथनी ओरडली.
विल्फनं घड्याळाकडे पाहिलं.
किल्ली फिरवायची राहून गेली होती.

माझ्या वहीत तीनशेसमोरचा रकाना मोकळा आहे.
भागाकार सोपा आहे, सहा मिनिटं चाळीस सेकंद,
पेन हातात घेतलंही होतं.